ऊसतोडीचा मालक कोण?

दसरा-दिवाळी आटोपली की सातारा जिल्ह्यातल्या लोणंदच्या आसपास, नीरा उजव्या कालव्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बहुतेक बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या. काही मात्र याच साताऱ्याच्या माणमधल्या आणि सांगलीच्या जतमधल्या. रिकाम्या रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि गाळप संपून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच संसार चालतो. या माणसांच्या हक्कांची चर्चा बहुधा त्यांच्या हालांपासून सुरू होते आणि हालांपाशीच संपते. हाल खरेच आहेत. पण त्यांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जाणूनबुजून मोकळे ठेवले गेले आहे: या मजुराचा कायदेशीर मालक कोण?

व्यवहार असा चालतो. कारखाना, किंवा त्याने उभी केलेली तोडणी-वाहतूक संस्था, वाहनमालकाशी करार करते आणि त्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देते. वाहनमालक ती मुकादमाला देतो आणि मुकादम पावसाळ्यातच गावोगाव फिरून कोयते बांधतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. फडात ऊस कधी तुटायचा ते कारखान्याचे शेती खाते ठरवते, ऊस कारखान्याच्या काट्यावर मोजला जातो आणि तोडणीचा दर साखर संघाबरोबरच्या करारात ठरतो. तरीही मजुरी थकली, अपघात झाला, की कारखाना म्हणतो, आमचा करार वाहनमालकाशी. वाहनमालक मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम तर स्वतःच कर्जात असतो. आणि शेतकरी? तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या किमान दरातून, वजा होऊनच त्याच्या हाती बिल पडते, म्हणजे शेवटी पैसा त्याचाच. पण टोळीवर त्याचा काहीच अधिकार चालत नाही. उलट ऊस वेळेवर तुटावा म्हणून त्याला टोळीला ‘खुशाली’ आणि ड्रायव्हरला ‘एंट्री’ द्यावी लागते. शेतकऱ्यांचा त्यावरचा राग मी समजू शकतो, पण जी मजुरी करारातून मिळायला हवी ती बांधावर वसूल होते, हे त्या रागात विसरले जाते.

आता उचलीचे गणित पाहू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात 34 टक्के वाढ मिळून तोडणीचा दर टनाला सुमारे 366 रुपये झाला. मुकादमाचे कमिशन वेगळे. एका जोडीने लाखाची उचल घेतली असेल, तर ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन तोडले तर साधारण 137 दिवस, दीड टनच तुटला तर 182 दिवस, म्हणजे पुरे सहा महिने. हंगाम बहुतेक वेळा तेवढा चालतच नाही. त्यात कारखाना बंद पडला, अवकाळी आला, मूल आजारी पडले, तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षाचा कोयता आजच बांधला जातो. आठवड्याच्या खर्चीवर किराणा चालतो, तीही उचलीतच मांडली जाते. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 सालचा आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाचे हिंडण्या-फिरण्याचे किंवा दुसरीकडे काम धरण्याचे स्वातंत्र्य गेले, तर तो संबंध वेठबिगारीचा ठरतो आणि ते कर्जच रद्द होते, असे तो सांगतो. टोळी पळाली म्हणून मागे राहिलेल्या माणसाला ‘ठेवून घेणे’ ही गोष्ट ऊसपट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती याच कायद्यात बसते. दुसरीकडे, उचल घेऊन न आलेल्या मुकादमांमुळे सातारा-सांगलीचे वाहनमालक बुडाले, हेही तितकेच खरे. धंद्याची जोखीम वरून खाली ढकलत नेण्याची ही रचना आहे, आणि सगळ्यात खाली कोयता आहे.

जोडीतल्या बाईची बाजू यात सगळ्यात अवघड. पहाटे चारच्या आधी चूल, मग फड, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधणे, आणि संध्याकाळी वा रात्री-अपरात्री ट्रक आला की तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढणे. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, फडात आडोसा नाही. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये चव्हाट्यावर आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासलेल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. याला केवळ वैद्यकीय गैरप्रकार म्हणून सोडून देता येत नाही. ज्या हिशेबात बाई अर्धा कोयता आहे, त्याच हिशेबाने तिला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले.

कायदे नाहीत असे नाही, पण ते इथे पोचता पोचता निसटतात. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याबाहेरून आलेल्यांसाठी होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेनेही राज्याबाहेरून येण्याची अट कायम ठेवली. बीडहून लोणंदला आलेला मजूर त्यामुळे कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातले तत्त्व मात्र थेट लागू पडावे असे आहे: कंत्राटदाराने मजुरी चुकवली तर ती मुख्य मालकाने द्यायची. ते टाळण्यासाठीच मधे इतक्या पायऱ्या आहेत.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी टनाला दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे ठरले. मुलांसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना 2021 मध्ये आली. पण कल्याण आणि हक्क यांत फरक आहे. महामंडळ मदत देईल. मजुरी कोणाकडे मागायची, ते सांगू शकणार नाही. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा लाखोंसाठी टँकर आणि फिरती शौचालये उभी राहतात, आणि राहायलाच हवीत. तेवढी सोय पाच महिने राबणाऱ्या काहीशे कुटुंबांसाठी अशक्य आहे, हे मला पटत नाही. वारीत जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते. कोप्यांच्या बाबतीत ते ठरलेले नाही.

याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधलेले आहे. हमालाचाही एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्याची. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यानंतर 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मालक शोधत बसण्याऐवजी मंडळ उभे केले. टोळीची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती हमालाच्या नावावर द्यायची आणि भविष्य निर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई त्यातूनच. ऊसतोडीला हा साचा लावणे तुलनेने सोपे आहे, कारण इथे पैसे देणारे शेकडो व्यापारी नाहीत, कारखाना एकच आहे, आणि टनामागे दहा रुपयांची लेव्ही तत्त्वतः मान्यही झालेली आहे.

काट्यावरची वजनाची पावती हातात घेऊन पाहावी. शेतकऱ्याचे नाव, गट नंबर, वाहनाचा क्रमांक, टोळीचा कोड, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. ऊस तोडणाऱ्याचे नाव त्यावर सहसा नसते. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झालेच आहे. तो क्रमांक टोळीच्या कोडला जोडला, नवरा आणि बायको अशी दोन स्वतंत्र नावे लिहिली, आणि मजुरी दोघांच्या दोन खात्यांत थेट कारखान्याकडून गेली, तर मजुरी कोणाकडे थकली हे विचारायला मुकादमाच्या वहीची गरज उरणार नाही. उचल घ्यायचीच असेल तर ती बँकेमार्फत, नोंदलेली आणि मर्यादित. कारखान्यांचा हिशेब संगणकावर चालतो, त्यामुळे तांत्रिक अडचण पुढे करता येत नाही. मुख्य मालक म्हणून सही करण्याची तयारी हवी, आणि ती गाळप परवाना देतानाच साखर आयुक्तालयाने अट म्हणून घालावी.