सिंदखेडचा वाडा

दर वर्षी 12 जानेवारीला सिंदखेडराजाच्या वाटा माणसांनी भरून जातात. 1598 साली जिजाबाईंचा जन्म तेथील वाड्यात झाला, म्हणून ही गर्दी. आम्ही मात्र गर्दी ओसरल्यावर एका सुटीच्या दिवशी गेलो. बरोबर बाजारातील चार हमाल बांधव होते. लोणारहून सुलतानपूर, बीबी, दुसरबीड करीत गाडी पोचली. आमची शाळा सातवीत सुटली; पुढचा इतिहास संघटनेच्या कचेरीत, उसन्या पुस्तकांतून शिकलो. तेव्हा विद्वानाची नजर आम्हांपाशी नाही. मजुरीचा हिशेब पाहणाऱ्याची आहे. तिला जे दिसले तेवढे श्रोत्यांपुढे ठेवतो.

रस्त्यावरूनच वाड्याचे महाद्वार दिसते. आत जिजाबाईंच्या जन्माची जागा, तिला म्हाळसा महाल म्हणतात. लोक तेथे हात जोडतात आणि परततात. आम्हीही हात जोडले. पण वाडा हे केवळ राहते घर नव्हते. ती कचेरी होती. लखुजी जाधवरावांकडे सिंदखेडची देशमुखी होती. परगण्याचा वसूल, तंटेबखेडे, फौजेची जमवाजमव, सारा कारभार देशमुखाच्या वाड्यातून चाले. जहागीर म्हणजे मालकीचा मुलूख नव्हे. धन्याच्या चाकरीसाठी फौज बाळगायची आणि तिचा खर्च त्या मुलखाच्या वसुलातून भागवायचा, असा तो व्यवहार.

हा वसूल कशाकशावर असे, हे सांगायला लांब जायला नको. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त आपल्या लोणारची नोंद केली आहे. येथे काच व साबण करण्याचा माल मिळतो आणि येथील क्षारांच्या कामावरील करातून सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो लिहितो. भर उन्हात तळ्याच्या काठी खार गोळा करणाऱ्याचे नाव मात्र त्या ग्रंथात नाही. आमच्यातला एक हमाल महाद्वाराकडे पाहून म्हणाला, “दादा, एवढाले धोंडे वर चढवले कुणी? त्यांचं नाव कुठं हाय?” नाव कोठेच नव्हते. आपल्या दैत्यसूदनाच्या देवळावर तरी पाथरवटांची नावे कोठे आहेत?

पण त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांला मोती तलावावर मिळाले. वाडा पाहून जे परततात त्यांनी हा तलाव अवश्य पाहावा. त्याची भिंत एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी आहे. घडीव दगडांचे हे काम जाधवांच्या काळातले. गावात चांदणी तलाव आहे, मूर्तींनी मढलेली पुतळा बारव आहे. रयतेकडून घेतलेल्यातले काही या गावात पाण्याच्या रूपाने रयतेकडे परत आले. सरकारी गादी मोजायची झाली तर दरवाजाच्या उंचीने मोजू नये. तिने पाणी किती अडविले, त्याने मोजावी.

आता या वाड्याच्या धन्याचे काय झाले ते पाहा. लखुजीराव निजामशाहीचे मातबर सरदार. मध्ये मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत परतले. 1629 साली ते दौलताबादेस दरबारात मुजऱ्यास गेले असता निजामशहाने त्यांस तेथेच मारविले. अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातूही त्यांच्याबरोबर पडले. ना चौकशी, ना जाब! चाकरी ज्याच्या मर्जीवर, त्याचे शिरही त्याच्याच मर्जीवर. आम्ही तीस वर्षे कामगारांत काढली. एका शब्दावर कामावरून काढलेली माणसे आमच्या दारात येऊन बसलेली आहेत. म्हणून ही हकीगत वाचताना आम्हांला सरदाराची श्रीमंती आठवत नाही, त्याचे निराधारपण आठवते.

यापुढे दोन वाटा फुटल्या. जाधवांचे उरलेले आप्त मोगलांच्या आश्रयास गेले. म्हणजे धनी बदलला. लखुजींची कन्या त्या वेळी गरोदर होती. सातएक महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलेल्या पुण्यात पुढे मायलेक राहावयास आले, आणि उजाड कसबा पुन्हा वसता झाला. माहेरच्या वाड्यात त्यांनी सत्ता पाहिली होती, तिचा घातही पाहिला होता. चांगला धनी शोधण्याऐवजी धनीपणच आपल्या हाती घ्यावे, हा स्वराज्याचा विचार त्या अनुभवातूनही आला असावा, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या वाटेचा शेवटही येथेच दिसला. 1757 साली पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला वेढा दिला, तेव्हा आत होते रामचंद्र जाधव, लखुजींच्याच घराण्यातले आणि निजामाच्या चाकरीत!

परतताना लखुजींच्या समाधीपाशी थांबलो. 2024 साली तिच्या दुरुस्तीचे काम चालू असता जवळच जमिनीखालून शेषशायी विष्णूची सुंदर दगडी मूर्ती निघाली. ती घडविणारा हातही अनामच. आमचा हमाल मित्र मूर्तीची गोष्ट ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हंजे खाली बी आपलीच माणसं.” पुढच्या वेळी सिंदखेडला जाल तेव्हा म्हाळसा महालात हात जोडा, आणि तसेच मोती तलावाच्या भिंतीलाही एकदा हात लावून या.