तंतुप्रबलित काँक्रीटची जमीन

तंतुप्रबलित काँक्रीटची जमीन म्हणजे कारखाने व गोदामे यांसाठी काँक्रीटमध्ये आखूड तंतू मिसळून घातलेली जमीन होय. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याच्या सुमारे एक दशांशच. भिंतीच्या मातीत गवत कालवण्याची जुनी रीत याच विचारातली.

पोलादी तंतू साधारणतः ३० ते ६० मिलिमीटर लांब व टोकांशी वाकवलेले असतात. दर घनमीटरला ते बहुधा २० ते ४० किलोग्रॅम घालतात. त्यांच्यामुळे तडाच जात नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. तडा गेल्यावर त्याच्या दोन्ही कडा ते धरून ठेवतात. तंतू एकदम न तुटता हळूहळू उपसला जातो, म्हणून जमीन एकाएकी फुटत नाही. पॉलिप्रॉपिलीनचे केसासारखे तंतू ओल्या काँक्रीटवरील बारीक भेगा रोखतात, पण पोलादाची जागा घेत नाहीत.

तंतूंमुळे सळयांची जाळी अंथरण्याचे काम पुष्कळदा वाचते. एरवी ही जाळी कामगारांच्या पायांखाली दबून तळाशी जाते आणि निरुपयोगी ठरते. तंतूंच्या गुठळ्या झाल्या किंवा मिश्रणात पाणी वाढवले, तर हा लाभ उरत नाही. सांधे कापणे व पाणी मारणेही सहसा टळत नाही. फोर्कलिफ्टची चाके प्रथम सांध्यांच्या कडाच फोडतात.