इंजिनाचा धूर कोणाच्या खात्यावर?

१९६२ साली पुण्यात दोन संस्था जन्माला आल्या. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि अमेरिकेतील कमिन्स यांनी मिळून किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी काढली आणि कोथरूडला तिची मोठी डिझेल इंजिने बनू लागली. त्याच वर्षी उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्थाही येथे सुरू झाली. आज पाषाण रस्त्यावर असलेली आयआयटीएम ती हीच. या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. १९५८ मध्ये दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आता ४२० च्या पुढे गेला आहे.

पुण्याचे डिझेल इंजिनाशी नाते १९६२ पेक्षा जुने आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा खडकीचा कारखाना १९४६ चा. मोटेला जुंपलेल्या बैलांच्या जागी विहिरीवर इंजिन आले, त्यात या कारखान्याचा वाटा मोठा आहे. पुढे वीज गेली की चालणारे जनरेटर आले, बोटींची इंजिने आली. १९९७ मध्ये किर्लोस्कर भागीदारीतून बाहेर पडल्यावर कोथरूडची कंपनी कमिन्स इंडिया झाली.

हे यंत्र जगभर पसरले ते त्याच्या काटकसरीमुळे. रुडॉल्फ डिझेलने कार्नोच्या सिद्धान्तापासून सुरुवात केली होती. कमीत कमी उष्णता वाया जाईल असे इंजिन त्याला हवे होते. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा त्याच्या इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली. वाफेची इंजिने त्या काळी १० टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. १९१२ मध्ये कोपनहेगनला बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज डिझेलवर महासागर ओलांडून गेले आणि जहाजांवरच्या कोळसा टाकणाऱ्या कामगारांचे दिवस भरत आले. आज जहाजांची सर्वांत मोठी इंजिने ५० टक्क्यांपर्यंत पोचली आहेत.

मग इंधन कमी लागायला हवे होते. लागले उलट अधिक. काम स्वस्त झाले की ते जास्त केले जाते. कोळशाबाबत हीच गोष्ट इंग्लंडमध्ये जेव्हन्सने १८६५ सालीच लिहून ठेवली होती.

आता हिशेबाकडे वळू. दहावीच्या रसायनशास्त्रावर तो वर्गात फळ्यावर करता येतो. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ०.८३ किलो. त्यात ८६ टक्के कार्बन, म्हणजे सुमारे ०.७१ किलो. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून एका लिटरमागे सुमारे २.६ किलो वायू बाहेर पडतो. मुलांना याचे नवल वाटते. जळालेल्या इंधनापेक्षा वायूचे वजन जास्त कसे? वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे.

समजा, १०० किलोवॉटचा एक जनरेटर तासाला २५ लिटर डिझेल पितो. म्हणजे तासाला ६५ किलो वायू. त्याचे इंजिन घडवताना लोखंड वितळवण्यापासून रंग देईपर्यंत ३ टन वायू बाहेर पडला असे धरू. तेवढा वायू हे इंजिन ४६ तासांत सोडते. आयुष्यात ते १०,००० तास चालले तर ६५० टन! कारखान्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी.

हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवले की कंपन्यांच्या हवामानविषयक संकल्पांकडे कसे पाहायचे ते कळते. २००१ मध्ये ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ नावाची हिशेबपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात तीन खाती आहेत. कारखान्यात स्वतः जाळलेले इंधन पहिल्यात, विकत घेतलेली वीज दुसऱ्यात. कच्च्या मालापासून ते विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंतचे बाकी सगळे तिसऱ्यात. छपरावर सौर पट्ट्या बसवून पहिली दोन खाती निम्मी करता येतात, आणि ते करावेच. पण वरच्या उदाहरणात इंजिन बनवतानाचा सगळा वायू निम्मा केला तरी दीड टनच वाचतो. उलट इंजिनाचा डिझेलखर्च एका टक्क्याने कमी झाला तर साडेसहा टन वाचतात.

कमिन्सने २०१९ मध्ये जाहीर केलेली उद्दिष्टे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. २०१८ हे आधारवर्ष धरून २०३० पर्यंत कारखान्यांचे उत्सर्जन ५० टक्क्यांनी आणि नव्या विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचे आयुष्यभराचे उत्सर्जन २५ टक्क्यांनी घटवायचे. आमच्या मते दुसरा, लहान दिसणारा आकडाच खरा अवघड आहे. तो ‘दर अश्वशक्तीमागे’ असा नाही, एकूण आहे. जेव्हन्सची पळवाट त्यात बंद होते. अडचण अशी की इंजिन किती तास चालेल, किती भाराने चालेल, हे विकताना अंदाजानेच धरावे लागते. शिवाय मंदी येऊन विक्री घटली तरी आकडा सुधारतो.

आपल्याकडे सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून असा अहवाल सक्तीचा केला. मात्र त्यात तिसरे खाते ऐच्छिक ठेवले. इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. जुलै २०२३ पासून जनरेटरांना लागू झालेले कडक नियमही काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड अशा प्रदूषकांचे आहेत. धुराचा काळेपणा गेला तरी लिटरमागचे २.६ किलो तसेच राहतात.

जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठरवले. जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते, म्हणजे आज बसवलेले इंजिन त्या वेळीही समुद्रावर असेल. म्हणून मेथॅनॉल, अमोनिया आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनांचे प्रयोग सुरू आहेत. ही इंधने कोळशा-वायूपासून बनवली तर धूर फक्त जागा बदलतो, हेही हिशेबात धरावे लागते. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. त्या तेलातला कार्बन काही महिन्यांपूर्वीच पिकाने हवेतून घेतलेला होता.