वाड्याचे भूत आणि उपनगरातले वारस

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथल्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भुताला राहायला जागा नाही. माळा नाही, परसातली विहीर नाही, बंद पडलेले बाळंतिणीचे दालनही नाही. तरीही गेल्या तीन दशकांत दूरचित्रवाणीवरच्या भयमालिकांना इथे हक्काचा प्रेक्षक मिळाला. या प्रेक्षकाला नेमकी कशाची भीती वाटत होती?

युरोपातल्या ज्या परंपरेला ‘गॉथिक’ म्हणतात, तिची सुरुवात होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानली जाते. तिच्यात अंधारे किल्ले आणि अमानवी चमत्कार आहेत, पण कथेच्या मुळाशी मालमत्तेचा वाद आहे. आजोबाने खऱ्या धन्याला विष देऊन किल्ला बळकावला आणि त्याची शिक्षा नातवंडांना भोगावी लागली. गंमत म्हणजे वॉलपोल स्वतः लंडनबाहेरच्या ट्विकनहॅममध्ये, मुद्दाम जुन्या धाटणीने बांधवून घेतलेल्या घरात राहत होता.

आपल्याकडे हा साचा आधी हिंदीतून आला. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या चित्रपटात पूर्वजाच्या कृत्याचा शाप घराण्यातल्या स्त्रियांना भोवतो. याच रामसेंनी १९९३मध्ये ‘झी हॉरर शो’ छोट्या पडद्यावर आणला. त्यांच्या जगातली हवेली ठाकुरांची होती, पाहणाऱ्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. १९९५च्या ‘आहट’ने भूत शहरी घरांत आणले, पण त्या भुतामागे बहुधा घराण्याचा इतिहास नसे. भाग संपला की भीतीही संपे.

‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मराठी मालिकेने हे अंतर मिटवले. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेला नाईकांचा वाडा उपनगरातल्या कोकणी कुटुंबांना परका नव्हता. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगाव ओसरत गेले आणि अनेक चाकरमानी उपनगरांकडे सरकले. गावचे घर मात्र गणपती-शिमग्यापुरते उघडणारे आणि सातबाऱ्यावर अनेक नावे असलेले, तसेच राहिले. मालिका सुरू होते ती अण्णा नाईकांच्या मृत्यूने. मुंबईकर मुलगा घरी येतो आणि मग जुनी पापे एकेक करून वर येऊ लागतात. २०१९च्या दुसऱ्या भागाने मागे जाऊन अण्णांची कृत्येच दाखवली. म्हणजे वॉलपोलचीच मांडणी: बापाने केले, मुलांनी भोगले. कोकणातल्या राखणदार-गाऱ्हाण्याच्या परंपरेमुळे ती उपरी वाटली नाही. मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते, असे आक्षेप त्या वेळी घेतले गेले. ते अनाठायी नव्हते, पण वाद भुतांपाशीच थांबला.

खरा प्रश्न वाटणीचा होता. २००५च्या कायद्याने एकत्र हिंदू कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. त्यानंतरही अनेक घरांत बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. माहेर तुटू नये म्हणून. विधवा काकूचे नाव कधी लागलेच नाही, ठेवलेल्या बाईच्या मुलांचा उल्लेखही नको असतो. भयकथेत दारावर येऊन उभी राहतात ती हीच माणसे. हक्क मागायला जिवंतपणी जागा नव्हती, म्हणून ती मेल्यावर येतात.

इथेच मालिकेची मर्यादाही दिसते. शेवंता लोकप्रिय झाली ती मोहिनी म्हणून. अण्णांकडे तिचे काही येणे आहे, हा भाग तिच्या साड्या-गजऱ्यांत हरवला. रामसेंच्या हवेलीपेक्षा आकेरीचा वाडा आपल्याला जास्त घाबरवून गेला, कारण त्याच्या कागदपत्रांत आपलेही नाव असू शकत होते. त्या कागदांवरून कोणाचे नाव गाळले गेले, हे मालिकेने पुरते विचारले नाही. पुढच्या गणपतीत गावचे घर उघडेल, तेव्हा ते वारसांनी विचारायला हरकत नाही.