नगरची मोटर आणि खेळाच्या यंत्रातली चिप

अहिल्यानगर शहरालगतच्या नागापूर औद्योगिक वसाहतीतील क्रॉम्प्टन ग्रीव्हजच्या मोटर कारखान्याचा व्हिडिओ खेळांच्या यंत्रांशी संबंध जोडणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु मोटर घडवणारी कंपनी पुढे चिपकडे वळते, हा क्रम विद्युत उद्योगाच्या इतिहासात नवा नाही. जपानच्या हिताची कंपनीचे 1910 मधील पहिले उत्पादन पाच अश्वशक्तीची इंडक्शन मोटर हेच होते. स्टेटर म्हणजे मोटरचा स्थिर भाग; त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे आणि मधला रोटर त्याला बाहेरून वीज न जोडता फिरवायचा, हे या मोटरचे तत्त्व. नगर जिल्ह्यातील साखर कारखाने, पिठाच्या गिरण्या आणि विहिरींवरचे पंप याच तत्त्वावर चालत आले.

याच हिताचीच्या एसएच मालिकेतील दोन प्रोसेसर 1994 मध्ये सेगा कंपनीच्या सॅटर्न या खेळयंत्रात बसले. 1998 च्या ड्रीमकास्टमध्ये मुख्य प्रोसेसर हिताचीचा, तर पडद्यावरील चित्रे रेखाटणारी पॉवरव्हीआर चिप ब्रिटिश कंपनीने आखलेली आणि एनईसीने तयार केलेली होती. या चित्र-चिपचा पुरवठा अपुरा पडल्याने जपानमधील पहिल्या विक्रीलाच खीळ बसली, यावरून भागीदारीतली एक कडी अडली की सगळे यंत्रच कसे अडते ते दिसते. सेगाने 2001 मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले. हिताची आणि मित्सुबिशी इलेक्ट्रिक यांचे चिप व्यवसाय 2003 मध्ये एकत्र येऊन रेनेसास उभी राहिली आणि 2010 मध्ये एनईसीचा चिप व्यवसायही तिच्यात विलीन झाला, त्यामुळे ड्रीमकास्टच्या दोन्ही चिप-निर्मात्यांचा वारसा एकाच कंपनीकडे आला. पॉवरव्हीआरची आखणी मात्र वेगळ्या वाटेने टिकली आणि 2007 च्या पहिल्या आयफोनमध्ये पोहोचली. दुसऱ्याने आखलेली चिप घेण्याची ही रीत पुढेही चालली: निन्टेन्डोने 2017 च्या स्विच या खेळयंत्रासाठी एनव्हिडियाची चिप घेतली, तर सॅमसंगने 2019 मध्ये एएमडीशी करार करून तिची चित्र-आखणी मोबाइलच्या चिपमध्ये आणली.

क्रॉम्प्टन ग्रीव्हज ही आता सीजी पॉवर असून 2020 पासून मुरुगप्पा समूहाकडे आहे. रेनेसास आणि थायलंडची स्टार्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांच्यासह गुजरातमधील साणंद येथे सुमारे 7,600 कोटी रुपयांचा प्रकल्प उभारण्यास तिला फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये तेथील प्रायोगिक उत्पादनमार्गाचे उद्घाटन झाले. या प्रकल्पात सिलिकॉनच्या चकतीवर मंडल कोरले जात नाही. कोरून आलेली चकती कापायची, प्रत्येक तुकडा आधारावर बसवायचा, अतिसूक्ष्म तारांनी किंवा धातूच्या टेकूंनी जोडायचा, आवरणात बंद करायचा आणि तपासायचा, असे हे काम आहे. तार आणि आवरण यांची शिस्त मोटर कारखान्यालाही ठाऊक असते, परंतु ड्रीमकास्टचा इतिहास पाहता टिकाव लागला तो चिप आखणाऱ्याचा, आणि साणंदच्या चिपा तर मुख्यतः वाहने, उद्योग व दूरसंचारासाठी आहेत, खेळयंत्रांच्या प्रोसेसरसाठी नव्हेत. त्यामुळे ऑक्टोबर 2024 मध्ये सीजीने रेनेसासचा रेडिओ-लहरींच्या घटकांचा व्यवसाय 3 कोटी 60 लाख डॉलरना घेण्याचा जो करार केला, तो रकमेने साणंदपुढे किरकोळ असला तरी अधिक महत्त्वाचा मानावा लागतो, कारण त्यातून तिच्या हाती आवरण नव्हे, आखणी आली.