आढ्यवाताची गोळी

चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात या रोगाचे एक नाव आहे आढ्यवात, म्हणजे धनवंतांचा वात. नगर जिल्ह्यात बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हा मास्तरांच्या घराण्यात तो शिरला कसा, म्हणून नातलग हसतात. हसू देत. यात खाण्यापिण्याइतकाच आनुवंशिकतेचा आणि मूत्रपिंडांचाही हात असतो.

युनानी हकीम यावर सुरंजान देत. त्यातल्या कोल्चिसिनने ठणका उतरतो, पण रक्तातले युरिक ॲसिड तसेच राहते. ते बनणेच अडवणारी गोळी यायला १९६६ साल उजाडले.

गर्ट्रूड एलियन ही न्यूयॉर्कची मुलगी. बाई म्हणून प्रयोगशाळेत जागा मिळेना, तेव्हा काही काळ तिने शाळेत शिकवले (हे वाचून मला उगाचच बरे वाटले!). १९४४ मध्ये ती बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाली. रक्ताच्या कर्करोगावरचे त्यांचे औषध शरीरातले झँथिन ऑक्सिडेज नावाचे विकर नष्ट करी. त्या विकराला अडवायला त्यांनी ॲलोप्युरिनॉल वापरून पाहिले. पण प्युरिनपासून युरिक ॲसिड बनवण्याच्या शेवटच्या दोन पायऱ्याही हेच विकर करते! कर्करोगासाठी आणलेले औषध असे वातरक्ताच्या कामी आले. १९८८ चे नोबेल दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासह मिळाले. एलियनबाईंनी पीएच.डी. केलेली नव्हती, हेही सांगून ठेवतो.

प्रोबेनेसिडची वाट निराळी. ते मूत्रपिंडाला युरिक ॲसिड परत शोषू देत नाही, म्हणून ते लघवीवाटे जाते.

आता दादांविषयी. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत साठलेले स्फटिक विरघळू लागतात आणि दुखणे उलट उसळू शकते. म्हणून सुरुवातीला जोडीला कोल्चिसिन देतात. दादांना हे कोणी नीट समजावले नाही. "औषधानेच वाढले" म्हणून त्यांनी गोळी टाकली. पुढे बोटांच्या पेरांवर खड्यांच्या गाठी आल्या आणि शेवटी शेवटी त्यांना खडू धरवेना.

मी गोळी रोज घेतो, दुखत नसले तरी. पातळी सहाच्या खाली ठेवायची आहे. पुतण्यांनो, तुमच्यापैकी कोणाला ही गोळी लागलीच तर डोस डॉक्टरांना थोड्यापासून वाढवू द्या. अंगावर पुरळ उठले तर मात्र ती लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचितच होते, पण ते जिवावर बेतू शकते.