अल्गोरिदमची मातृभाषा कोणती?

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात एका बाकावर तीन भाषा बसतात. एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या दखनी, तिसऱ्याच्या गोरमाटी. संगणकाच्या पडद्यावर मात्र चौथीच, इंग्रजी. ती येत नाही म्हणून मूल गप्प बसतं आणि आपण त्याला 'ढ' ठरवतो.

हे आपल्याकडे नवं नाही. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक विज्ञान उर्दूत शिकवलं, याचा मला अभिमान आहे. पण मराठी घरातल्या मुलाला तीच उर्दू भिंत वाटली, हेही आपण मुसलमानांनी मान्य केलं पाहिजे. आज त्याच्या आणि आपल्या नातवंडांपुढे इंग्रजीची भिंत आहे.

खरं तर 'अल्गोरिदम' हा शब्दच भाषांतरातून आला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकगणितावर अरबीत ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला. तिथे त्यांच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं आणि पुढे 'अल्गोरिदम'.

अल्गोरिदम म्हणजे कामाच्या क्रमवार पायऱ्या. मी मुलांना चहाची कृती घरच्या बोलीत सांगायला लावली. एक मुलगी म्हणाली, "पैले पानी, बाद में पत्ती."

"पानी उबल्या नै तो?"

"रुकना!"

झाली की अट! गोरमाटी बोलणाऱ्या मुलानेही तोच क्रम सांगितला. इंग्रजी शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. तेव्हा तो कुणालाच जड गेला नाही.